लंगडीचा इस्त्रीवाला

सुवेझच्या मासळी बाजारामागच्या गल्लीत उस्ता बय्यूमीचं इस्त्रीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक खोली, दाराला अर्धा पडदा आणि जमिनीवर वीतभर उंचीचा रुंद लाकडी पाट. पाटावर कपडा पसरायचा, शेगडीवर तापलेली ती अवजड इस्त्री त्यावर ठेवायची, तिच्यावर उजवा पाय रोवायचा आणि लांब दांड्याने तिला वळवत न्यायची. हाताने इस्त्री करणाऱ्यांना बय्यूमी आपल्या धंद्यातले मानतच नसे. "हाताने माश्या माराव्यात," तो म्हणे. "कपड्याला माणसाचं वजन लागतं." आता त्याचं स्वतःचं वजन म्हणाल तर ओल्या टॉवेलाइतकंच. बुटका, काटकुळा आणि नाकावर राग. तोंडात पाण्याचा घोट धरून कपड्यावर फवारा मारताना कुणी काही विचारलं, तर तो घोट विचारणाऱ्याच्या अंगावर जायला वेळ लागत नसे.

त्याचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे बंदरातल्या आगबोटी. मेतवल्ली नाखवा आपल्या होडीतून बोटींवर जायचा, संत्री, विड्या, चामड्याचे उंट असलं काहीबाही विकायचा आणि परत येताना खलाशांच्या मळक्या कपड्यांची गाठोडी आणायचा. बय्यूमीची बायको सनिय्या ती गच्चीवर धुवायची, बय्यूमी इस्त्री करायचा, आणि बोट निघायच्या आत सगळं परत जायचं. शाईच्या खुणा करणं त्याला मान्य नव्हतं. लिहिता-वाचता येत नव्हतं हे एक, आणि शाईने कापड नासतं हे दुसरं. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या गळपट्टीत आतून एक रंगीत टाका घालायचा, आणि कुठला रंग कुणाचा ते डोक्यात ठेवायचं. एका माणसाचा कपडा दुसऱ्याच्या अंगावर गेला, असं त्याच्या हातून कधी घडलं नव्हतं. हे तो स्वतः इतक्यांदा सांगायचा की गल्लीला पाठ झालं होतं.

या सगळ्या बोटींत त्याची लाडकी एकच. कागदावर तिचं नाव लेडी कॉर्विन, पण आमच्या जिभेवर ते कधी बसलं नाही. ती एका अंगाला कलून चालायची, म्हणून सारं बंदर तिला लंगडी म्हणायचं. स्कॉटलंडातल्या कुठल्याशा नदीकाठी बांधलेली, एका धुरांड्याची म्हातारी मालवाहू बोट. वेग असा की मेतवल्ली म्हणायचा, "तिच्याशी शर्यत लावली तर मधे मला जेवून घ्यावं लागेल." बय्यूमी तिच्यावर एकदाही चढला नव्हता. तिचा सगळा इतिहास त्याला माहीत होता तो कपड्यांवरून. एडनला कोळसा उतरवून आली की धुण्याचं पाणी तीनदा काळं निघायचं. कुसैरचं फॉस्फेट भरलेलं असलं की गळपट्ट्यांतून पिठासारखी पूड झडायची. बसऱ्याच्या खजुराच्या खेपेला बाह्या चिकट आणि मुंग्या गच्चीभर. एकदा तिने मेंढ्या वाहिल्या, तेव्हा सनिय्याने गाठोडं जिन्यावरूनच खाली भिरकावलं होतं. मग युद्ध आलं, आणि कपड्यांतून काहीच निघेना. नुसते ग्रीसचे डाग. बंद पेट्यांतला, चाकांवरचा माल. बय्यूमीला समजायचं ते समजलं, आणि तो त्याबद्दल सनिय्याशीसुद्धा बोलला नाही.

लंगडीवरच्या दोन माणसांशी त्याचा विशेष घरोबा. एक तिचा मुख्य इंजिनिअर, गिलीज. सगळे त्याला बाश-मुहंदिस म्हणत. अबोल, लालसर, बय्यूमीएवढाच बुटका स्कॉच. तो दुकानात यायचा, स्टुलावर बसून काळा चहा घ्यायचा आणि इस्त्रीवरचा तो पाय तासभर बघत राहायचा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, त्यामुळे कधी भांडण झालं नाही. दुसरा मुकबिल नाजी. येमेनचा, भट्टीवरच्या कोळसेवाल्यांचा मुकादम. तो मात्र दोघांच्या वाटचं बोलायचा. एडनला उतरून लग्न करायचं म्हणून त्याने एक पट्ट्यापट्ट्यांचा सदरा जपून ठेवला होता, बय्यूमीने इस्त्री केलेला, गळपट्टीत हिरवा टाका घातलेला.

एकेचाळीस सालच्या त्या वसंतात जर्मन विमानं कालव्यात सुरुंग टाकून जायची. मग कालवा बंद, आणि आखातात बोटींची ही दाटी. लंगडीही तिथेच नांगर टाकून पडली होती. तिचं गाठोडं गच्चीवर वाळत होतं आणि खमसीनचा वारा सुटला. तासाभरात सगळे कपडे वाळूने पिवळे.

मेतवल्ली गाठोडं न्यायला आला. "दे तसेच, उस्ता. ते काय लग्नाला चाललेत?"

"तुझी होडी तू गळकी चालवतोस म्हणून माझं दुकान गळकं नाही," बय्यूमी म्हणाला. "पुन्हा धुवायचे. उद्या ये."

"अरे, बोटीवर कुणाच्या अंगावर धड कपडा उरला नाही!"

"मग एक दिवस उघडे बसतील. मळके घालणार नाहीत."

सनिय्याने कपाळावर हात मारला आणि पुन्हा पाणी तापत ठेवलं. त्याच रात्री विमानं आली. गल्लीतल्या लोकांनी आधी आवाज ऐकला, मग आखाताच्या बाजूचं आभाळ लाल झालेलं पाहिलं. लंगडीच्या पोटातल्या दारूगोळ्याच्या पेट्यांनी पेट घेतला होता. पहाटेपर्यंत ती गेली. पाण्यावर फक्त तिच्या डोलकाठीचं टोक राहिलं, तेही एका अंगाला कललेलं.

सकाळी बय्यूमी गाठोडं खांद्यावर घेऊन धक्क्यावरच्या त्या शेडमध्ये गेला, जिथे वाचलेल्यांना आणलं होतं. माणसं गोणपाटं गुंडाळून बसली होती. त्याने गाठोडं सोडलं, एकेक कपडा काढला, टाका पाहिला, नाव पुकारलं आणि थांबला. ज्यांनी हात पुढे केला त्यांच्या हातात कडक इस्त्रीचा कपडा पडला. ज्या नावाला कुणी ओ दिली नाही, तो कपडा त्याने नीट घडी करून पुन्हा गाठोड्यात ठेवला. बाश-मुहंदिसाचं नाव त्याने दोनदा पुकारलं. मुकबिलचा कपडा गाठोड्यात नव्हताच, तरी त्याचंही नाव पुकारलं. परतताना गाठोडं अर्धंअधिक भरलेलं होतं, आणि तो घरापर्यंत रडत आला.

आठवडा उलटल्यावर अताका डोंगराच्या अंगाला, किनाऱ्यावर एक प्रेत लागलं. आग आणि समुद्र या दोघांनी चेहरा ठेवला नव्हता. अंगावर सदऱ्याचा वरचा भाग तेवढा शिल्लक. मेतवल्ली बय्यूमीला घेऊन गेला. बय्यूमीने नाकाला फडकं लावलं, वाकून गळपट्टी उलटली. हिरवा टाका.

"हा मुकबिल," तो म्हणाला.

त्याच्या टाक्यावर शंका घेणारा माणूस सुवेझमध्ये जन्मायचा होता. प्रेत धुण्याजोगं राहिलं नव्हतं. मशिदीच्या शेख तोहामींनी पाण्याऐवजी स्वच्छ मातीचा हात फिरवायला सांगितलं, आणि तसंच कफनात गुंडाळलं. परक्या मुलखातला पोर, पुढेमागे कुणी नाही, म्हणून सगळी गल्ली जनाज्याला लोटली. सनिय्याने सख्ख्या मावशीसारखा टाहो फोडला. बय्यूमीने डोक्याशी दगड बसवला, त्यावर मुकबिल नाजीचं नाव कोरून घेतलं, शेजारी कोरफड लावली. मग दर गुरुवारी नवरा-बायको तिथे जायची. तो कोरफडीला पाणी घालायचा, ती मयताच्या नावाने गोड भाकऱ्या वाटायची.

हिवाळ्यात एका गुरुवारी सनिय्या अशाच भाकऱ्या भाजत बसली होती. दारातला पडदा हलला.

"अस्सलामु अलैकुम, मावशी."

सनिय्याने वर पाहिलं आणि तिच्या हातातलं उलथनं शेगडीत पडलं. "अल्ला रे! तू मेलायस!"

"असं होय?" मुकबिल म्हणाला. त्याची मान एका बाजूने भाजून आखडली होती, पण तोंड तेच. "मला कुणी कळवलं नाही. या भाकऱ्या कुणासाठी?"

"तुझ्याच नावाच्या रे, मुडद्या!"

"मग दे ना एक. गरम आहे तोवर."

तिने त्याला आधी भाकरी दिली, मग दोन शिव्या, मग मिठी मारली आणि रडतरडत गल्लीभर ओरडत सुटली. बय्यूमी गच्चीवरून खाली आला. मुकबिलचा चेहरा दोन्ही हातांत धरून त्याने तो असा दाबून पाहिला, जणू कापड खरं आहे की नकली हे बघतोय. मुकबिल सांगत होता. स्फोटाने तो पाण्यात फेकला गेला होता, एका लाँचने उचलला, लगेच दक्षिणेला निघालेल्या इस्पितळाच्या बोटीवर चढवला, आणि मग एडनला महिनोन् महिने पालथा पडून राहिला. बय्यूमी हसत होता, डोळे पुसत होता. एकाएकी त्याचे हात खाली आले.

"मग तिथे कोण आहे?"

"कुठे?"

"तुझ्या कबरीत. हिरवा टाका होता. माझा टाका. पट्ट्यांचा सदरा."

मुकबिलने तोंडातला घास गिळला नाही. हातातली भाकरी त्याने खाली ठेवली. मग म्हणाला, "बाश-मुहंदिस."

"काय बोलतोस!"

"त्यांच्याकडे घालायला काही नव्हतं, उस्ता. सगळं तुझ्याकडे. अंगातला सदरा तेलाने चिंब. त्या संध्याकाळी म्हणाले, मुकबिल, तुझा तो नवरदेवाचा सदरा दे, उद्या गाठोडं आलं की फेडतो. मीच दिला. मापाचा बसला."

बय्यूमी पाटावर बसला. त्या पाटावर बसलेलं त्याला कुणी पाहिलं नव्हतं. त्याच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. खमसीनच्या दिवशी त्याने गाठोडं तसंच दिलं असतं, तर गिलीज आपल्या सदऱ्यात मेला असता आणि आपल्या नावाने पुरला गेला असता. आयुष्यात एकदाच एका माणसाचा कपडा दुसऱ्याच्या अंगावर गेला, आणि तो असा गेला.

"जाऊ दे, उस्ता," मुकबिल म्हणाला. "मी गप्प, तू गप्प. दगडही राहू दे, कधी ना कधी मला लागेलच. बोभाटा झाला तर लोक काय म्हणतील? ख्रिस्ती माणूस आपल्या कबरस्तानात!"

"त्याला बायको आहे?"

"आहे. कंपनीने तिला कळवलंय, समुद्रात गेला, कबर नाही."

"कबर आहे," बय्यूमी म्हणाला. "मी केलीय. ती बाई तिकडे समुद्राकडे बघून रडत असेल, आणि तिचा माणूस माझ्या कोरफडीखाली आहे. ज्याचं त्याला गेलं पाहिजे, मुकबिल. तिला तिचा माणूस दाखवायचा. मग मला दुकान मोडावं लागलं तरी चालेल."

तो तडक शेख तोहामींकडे गेला. शेख जेवत होते. ऐकता ऐकता त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

"म्हणजे मी त्या माणसावर नमाज पढलो?"

"पढलात, शेखसाहेब. दोष माझा. टाका माझा होता."

"तुझ्या टाक्याला आग लागो! या वयात मला काय काय करायला लावलंस!" शेख उठून खोलीत दोन फेऱ्या मारून आले. मग खाली बसले, आणि त्यांचा आवाज उतरला. "कुणी धुतलं नाही, कुणी ओळखीचं नाही. आपण एका परक्या मुलखात मेलेल्या माणसासाठी हात वर केले. वरच्याला तो कोण ते ठाऊक होतं, आपल्याला नव्हतं एवढंच. आता उकरू नकोस. त्याचं माणूस येईल, ते म्हणेल तसं करू. पण लपवूही नकोस."

आणि बय्यूमीने लपवलं नाही. शुक्रवारी नमाजानंतर मशिदीच्या पायरीवर उभा राहून त्याने सगळं सांगितलं. मी म्हणतो, बंदुकीसमोर उभं राहणं सोपं. लोकांच्या जिभांना धार चढली. कुणी म्हणे, "उस्ता, माझा जुब्बा शेजाऱ्याला देऊ नकोस हो, उद्या मला त्याच्या नावाने पुरशील." मेतवल्लीने तर काही दिवस त्याला ‘कबरींचा इस्त्रीवाला’ म्हणून हाक मारली. काही गिऱ्हाइकं तुटली. बय्यूमीने कुणालाही उलट उत्तर दिलं नाही, आणि हे पाहून गल्ली जास्त घाबरली. गुरुवार मात्र चुकला नाही. सनिय्याने एकदाच विचारलं, "आता भाकऱ्या कुणाच्या नावाने वाटायच्या?" तो म्हणाला, "आहे त्याच्याच. नाव आपलं चुकलं होतं, भाकरी नाही."

बोटींच्या कचेरीतल्या स्टाव्रो नावाच्या ग्रीक कारकुनाकडे जाऊन त्याने विलायतेला निरोप धाडायला लावला. उत्तर आलं नाही. पुन्हा धाडायला लावला. युद्ध चालू होतं, घरं पडत होती, माणसं पत्ते बदलत होती. स्टाव्रो त्याला लांबून पाहिलं की मान हलवायचा. युद्ध संपलं, तरी बय्यूमी जातच राहिला.

सत्तेचाळीसच्या शरदात स्टाव्रो स्वतः धावत दुकानात आला. गिलीजबाई ऑस्ट्रेलियाला, आपल्या भावाकडे कायमची निघाली होती. तिची बोट कालव्यातून येऊन पाण्यासाठी दुपारभर थांबणार होती.

मेतवल्लीने होडी पुसून काढली. उंच, सुकलेली, करड्या केसांची बाई उतरली. हातात मोजे. घोडागाडीतून सगळे कबरस्तानात गेले. बंदरावर शिकलेल्या इंग्रजीत मेतवल्ली तिला एकेक सांगत होता, आणि बय्यूमी त्याला ढोसत होता, "सगळं सांग. खमसीनचंही सांग. मी गाठोडं अडवलं ते सांग."

"सांगितलं रे बाबा! उंटासारखा ढोसू नकोस."

कबरीपाशी बाई थांबली. दगडावरचं नाव तिला वाचता येत नव्हतं. ओली माती, कोरफड, बाजूला सनिय्याची भाकऱ्यांची टोपली. तिने मोजा काढला आणि मातीवर हात ठेवला. सनिय्या तिच्या शेजारी जमिनीवर बसली, तिच्या पाठीवरून हात फिरवत आपल्या भाषेत बोलत राहिली, "रड गं माझे बाई. आम्ही रडलोय त्याच्यासाठी, तो एकटा गेला नाही." बाईला शब्द कळले नाहीत. पण ती रडली.

शेवटी ती मेतवल्लीला काहीतरी म्हणाली. "म्हणते, हलवू नका," मेतवल्ली म्हणाला. "इथे त्याची माणसं आहेत म्हणते. फक्त त्याचं नाव लावा."

दुकानात परतल्यावर बय्यूमीने कपाट उघडलं. गिलीजचे सदरे तिथे होते. वर्षातून एकदा धुतलेले, नीळ दिलेले, पायाखालच्या इस्त्रीने आरशासारखे केलेले. ते त्याने दोन्ही हातांवर घेऊन तिच्यापुढे धरले. एवढ्या वर्षांनी मालाचा मालक आला होता. त्याचा चेहरा अगदी उजळला.

बाईने वरचा सदरा उचलला आणि त्यात तोंड खुपसलं. तशीच राहिली. मग दुसरा घेतला. मग तिसरा, घाईघाईने, घड्या मोडत. सदरा हातात तसाच धरून ती मेतवल्लीकडे वळली. तिने काही विचारलं.

"काय म्हणते?" बय्यूमीने विचारलं. "काही राहिलं का? सांग ना!"

"म्हणते, सुंदर आहेत. पण साबणाचा वास येतो. त्याचा येत नाही. विचारते, न धुतलेला एखादा नाही का."

न धुतलेला. त्याच्या दुकानात! दरवर्षी हाताने चोळून, उन्हात घालून, नीळ देऊन त्याने त्या माणसाचा उरलासुरला अंश पाण्याबरोबर गच्चीवरून खाली सोडून दिला होता. तो सनिय्याकडे बघायला लागला. सनिय्याने नजर वळवली. मग कपाटाच्या मागच्या कोपऱ्याकडे हनुवटीने खूण केली.

"तो?" बय्यूमी पुटपुटला. "तो कसा दाखवू? तो द्यायच्या लायकीचा नाही."

"द्या म्हणते ना," सनिय्या म्हणाली.

त्याने फडक्यात गुंडाळलेला एक सदरा काढला. तोही धुतलेला, इस्त्री केलेला. पण खिशावर एक काळा डाग होता. इंजिनच्या तेलाने माखलेला अंगठा कुणीतरी तिथे टेकवला होता. लिंबू लावलं, रॉकेल लावलं, राख चोळली, उन्हं दाखवली, डाग हलला नाही. लाजेने बय्यूमीने तो बाकीच्या सदऱ्यांबरोबर कधी ठेवला नव्हता. आता तो पुढे करताना त्याची मान खाली होती.

"मेतवल्ली, तिला सांग, माफ कर म्हणावं. एवढा एक निघाला नाही माझ्याच्याने."

बाईने सदरा उजेडात धरला. डाग नुसता डाग नव्हता. अंगठ्याच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या, आणि त्यांना आडवी गेलेली, जुन्या जखमेची एक तिरपी रेघ. ती तिने लगेच ओळखली. बाहेर बंदरात तिच्या बोटीचा भोंगा वाजला, तरी ती हलली नाही. तिने बाकीचे सदरे पाटावर ठेवून दिले, हा एकच छातीशी धरला, आणि आपला अंगठा त्या अंगठ्यावर टेकवला.